मामांची निरोगी नळी

मामा आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतात. सगळे मामा म्हणतात, पण सख्खा भाचा एकही नाही. बायको नाही, भाऊबहीण नाही. एक खोली, एक खाट, एक खुर्ची. दुसरी खुर्ची कशाला हवी, असं ते विचारायचे.

आमच्या सरांनी नॅनो कण बनवलेत, डोळ्यांना न दिसणारे. रक्तात कॅन्सरची खूण असली की तिला चिकटतात आणि यंत्राखाली चमकतात. गाठ हाताला लागायच्या आधीच रोग कळावा, यासाठी सगळा खटाटोप. निरोगी रक्तही जरासं चमकतंच. तेवढी चमक रुग्णांच्या आकड्यातून वजा करायची. ते निरोगी रक्त मामांचं, आणि दर सोमवारी ते काढायचं काम माझं.

मामा बाही दुमडूनच यायचे. सुई निघाली की मला घाई. "कापूस तुम्हीच धरा की," मी खेकसायचे.

"तुम्ही धरला की रक्त लवकर थांबतं, ताई."

काहीतरीच! पण धरायचे.

यंदा आकडे घसरत गेले. रुग्ण आणि निरोगी यांत फरकच उरेना. सरांनी हात टेकले. "कण निकामी आहेत. महिनाअखेर काम बंद," म्हणाले. मी यंत्र पुसलं, दिवा बदलला, डोकं फिरायची वेळ आली. त्यातच मामांच्या रक्ताची नळी माझ्या हातून फुटली. वैतागून मी निरोगी म्हणून स्वतःचंच रक्त घातलं, तर रुग्णांचे आकडे झटकन वर.

आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग अर्थ लक्षात आला. कण कधी बिघडलेच नव्हते. मामांचं रक्तच रुग्णांसारखं चमकत होतं, आणि ती चमक आम्ही दर आठवड्याला वजा करून टाकत होतो.

सांगितलं तेव्हा मामा बाटली घासतच राहिले. "म्हणजे कण चालतात ना?" एवढंच विचारलं.

स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ निघाली. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. घरच्यांचा नंबर मागितला, तर मामांनी माझ्या टेबलावरच्या फोनचा दिला. शस्त्रक्रिया नीट झाल्याचं दवाखान्यातून मलाच कळवलं. "आपण त्यांच्या कोण?" पलीकडून विचारलं.

"भाची," मी म्हटलं.

मामा बरे होऊन कामावर आले. पहिल्याच सोमवारी बघते तर बाही दुमडून खुर्चीत बसलेले.

"मामा, आता तुमचं रक्त नाही चालायचं."

"ठाऊक आहे." हात मात्र पुढेच. "आठवड्यातून एकदा कुणीतरी हात धरायचं, ताई. बाकी मला कोण हात लावतंय?"

मी खुर्ची जवळ ओढली. सुई बाजूला ठेवली, न टोचताच नेहमीच्या जागी कापूस दाबला आणि तसाच धरून बसले. रुग्णांच्या नळ्या ताटकळल्या तर ताटकळू देत.

"थांबलं," थोड्या वेळाने मामाच म्हणाले, आणि बाही खाली करून बाटल्या धुवायला गेले.