शंभराला दोन, ओल्याला पाच

निळ्या पुठ्ठ्याचे ते रजिस्टर मी कधी पाहिलेच नाही, तरी नोकरीतल्या सगळ्या प्रकरणांत तेच अजून मनाला टोचते.

तेव्हा मी मध्य प्रदेशातल्या सौंसर ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाणेदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत त्या खुर्चीवर पोचलो. माझ्याच सोबत भरती झालेला एक जण पांढुर्ण्याला टीआय होता. त्याच्या ठाण्यात कॅमेऱ्यांची भिंत, दारात नवी गाडी. माझ्याकडे टॉवेलने झाकलेला एक संगणक. फोन केला की तो विचारायचा, "काय टीआय साहेब, तुमचा संगणक उठला का झोपूनच राहिला?" मी हसायचो आणि आतून जळायचो.

एका सकाळी मोहगावच्या एक मॅडम तक्रार घेऊन आल्या. खाजगी महाविद्यालयात त्या तात्पुरत्या नोकरीवर अर्थशास्त्र शिकवत. कोणता देश तंत्रज्ञानावर किती खर्च करतो, ते मोजून त्यांनी देशादेशांची तुलना मांडली होती. चार वर्षांचे काम, सगळे हाताने, एका रजिस्टरमध्ये. पुढच्या आठवड्यात नागपूरच्या परिषदेत तो निबंध वाचायचा होता आणि त्यावरच त्यांची नोकरी कायम व्हायची होती. ते रजिस्टर कपाटातून गेले होते.

"मॅडम, रजिस्टर कोण चोरते?" ठाण्यातला लिखापढीचा मुन्शी हसला.

"ज्याला स्वतःला लिहिता येत नाही तो," मॅडम म्हणाल्या.

गुन्हा नोंदवला. मी रंग विचारला, पाने विचारली. आत काय आहे ते विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या एका बाइंडिंगवाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या. "साहेब, तुमच्या सौंसरचे एक सर दुकानात बसून राहिले. टाइप केलेलं पुस्तक बांधून मागून राहिले. हातात निळं रजिस्टर हाये."

दुकान पांढुर्णा ठाण्यापासून पाच मिनिटांवर. नियमाप्रमाणे तिथे कळवायला हवे होते. मी कळवले नाही. तिथल्या त्या टीआयला आयता आरोपी काहून द्यायचा? गाडी काढली आणि स्वतः गेलो. सर बसस्टँडवर सापडले. हातात नवे बांधलेले पुस्तक होते, वर त्यांचे नाव. रजिस्टर मात्र नव्हते. त्यांना सौंसरला ठाण्यात आणले.

हे सर मॅडमच्याच महाविद्यालयात तोच विषय शिकवायचे, पंधरा वर्षांपासून, कायम नोकरीवर.

"रजिस्टर माझंच होतं साहेब. टाइप झालं, फेकून दिलं," ते शांतपणे म्हणाले.

मी टेबलावर हात आपटला, ग्लास कलंडला. सरांनी चष्मा पुसला आणि आकडे ज्यातून घेतले ते छापील पुस्तक स्वतःच पुढे केले. "जुळवून पाहा ना."

मुन्शी वाचत गेला, मी बोट फिरवत गेलो. एकही आकडा जुळेना. सरांच्या पुस्तकात प्रत्येक देशाचा आकडा कमी. काहींचा शंभराला दोन, काहींचा शंभराला पाच.

"हे कमी काहून झाले?"

"तशी... पद्धत असते."

"कोणती?"

सर पुस्तकाची पाने उलटू लागले.

मी कापूसवाल्याचा पोरगा. घासाघीस मंडीत बापाच्या शेजारी गाडीवर बसून शिकलो. कोरड्या कापसाचा शंभराला दोन आणि ओल्याचा पाच असा आमच्याकडचा व्यापारी वजनातून कापायचा. त्याला कडता म्हणतात. मी मॅडमना बोलावले आणि एवढेच विचारले, "कडता कशाचा कापला?"

त्या चमकल्या. "साहेब, प्रत्येक देश आपला खर्च स्वतःच सांगतो, तोलणारं कोणी नाही. म्हणून सगळ्यांचे दोन कापले. काही देश यंत्रांच्या खर्चात माणसांचे पगारही घालतात. तो ओला कापूस, त्याचे पाच. कापूस विकणाऱ्या आमच्या बाबांकडून ही रीत शिकले. शेवटच्या पानांवर कारणं लिहिली होती."

ती पाने सरांना गावंढळ वाटली होती. त्यांनी गाळली आणि त्यातच अडकले.

"पंधरा वर्षं झाली साहेब," सर खाली पाहून म्हणाले. "मले कोणी नागपूरला बोलावलं नाही. अन् काल आलेली ही पोरगी..." रजिस्टर त्यांनी बसस्टँडकडे येताना जाम नदीत टाकले होते.

मी जबाब लिहीत होतो, पण मान वर करवेना. हीच वाक्ये मी रोज मनात म्हणत होतो, फक्त माणूस वेगळा होता. पांढुर्ण्याला एक फोन केला असता तर सर दुकानातच धरले गेले असते, रजिस्टरसकट.

मॅडमनी ती पाने आठवून पुन्हा लिहिली, पण सगळी आठवली नाहीत. परिषदेत प्रश्न नेमके त्यांवरच आले. त्या वर्षी नोकरी कायम झाली नाही.

पेपरात फोटो पांढुर्ण्याच्या टीआयचा आला, दुकान त्याच्या हद्दीत म्हणून. ते कात्रण माझ्या पेटीत आहे आणि पाहिले की आजही मूठ आवळते. तपास मी लावला, हे मी सगळ्यांना सांगत आलो. न केलेल्या फोनचे मॅडमना कधी सांगितले नाही.

हेही सगळे मीच सांगतो आहे, तोलणारे कोणी नाही. वाचणाऱ्याने कडता कापून घ्यावा. दोन नाही, पाच.