लांबच्या फांदीसाठी कॅमेरा

श्रीलंकेला निघायला आठ दिवस उरले, तरी इंदूबाईंचा कॅमेरा ठरेना.

बाभुळगावच्या सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होत्या त्या. अडलेल्या बाळंतिणीपाशी कधी गडबडल्या नाहीत, पण आता एका कॅमेऱ्यापाशी अडल्या होत्या. विहारातल्या वीस जणांसोबत त्या अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायला चालल्या होत्या. नवरा बाबाराव घरीच राहणार होते. लकव्यानं पाय गेला होता, हात शाबूत होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या या माणसाला विहाराच्या भिंतीवर तो वृक्ष काढायचा होता.

"कॅलेंडर पाहून नाही काढत मी," ते म्हणाले. "अन् मोबाइलनं भागत नाही. झाड कठड्याच्या आत हाये. फांदी कशी वाकली, ते मले जवळून दिसलं पाहिजे."

म्हणजे दूरचं जवळ आणणारा कॅमेरा हवा. पण घ्यायचा कुठं? पुण्याचा भाचा अक्षय म्हणाला, "मावशी, कोलंबोच्या विमानतळावर स्वस्त मिळेल." शेजारची दीपा म्हणाली, घरपोच मागवा. इंदूबाईंना दोन्ही पटायचं आणि तासाभरात दोन्ही नको वाटायचं. या विचारात दोनदा भाजी करपली.

शेवटी त्या एकट्याच नागपूरला गेल्या. एका मोठ्या दुकानातल्या विक्रेत्यानं काचेमागचे चार कॅमेरे दाखवले, भराभर माहिती सांगितली.

"हातात घेऊन पाहू का?"

"पैसे भरले की डबा उघडू, मॅडम."

त्या तशाच परतल्या. एसटीत त्यांना स्वतःचाच राग येत होता. भीती दुकानाची नव्हतीच. नवऱ्यानं स्वतःचे डोळे आपल्या हाती सोपवलेत आणि आपल्याला साधं बटण कळत नाही, हे कुणाला सांगायचं?

यवतमाळला उतरून बाभुळगावची गाडी धरायची, ते सोडून त्या ओळखीच्या घनश्यामच्या फोटो स्टुडिओत शिरल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचा कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

"रस्त्यापलीकडचा तो कडुनिंब काढा."

फोटो हलला. दुसराही हलला.

"इंजेक्शन देतानी हात कसा धरत होत्या? तसाच धरा. अन् घाई नोका करू."

तिसऱ्या फोटोत पानाची कातरलेली कड स्वच्छ दिसली. इंदूबाई त्या पानाकडे बघतच राहिल्या.

"कोलंबोत स्वस्त भेटते म्हणते भाचा," त्या म्हणाल्या.

"भेटत असन. पण तिथं तुम्हाले शिकवन कोन? चार दिवस येत जा. मी हाये."

कॅमेरा तिथंच घेतला.

अनुराधपूरला सोबतचे जेवायला गेले, तरी त्या कठड्याशी उभ्या होत्या. गर्दीचे धक्के बसत होते. फोटो नीट आलेत की नाही, या धास्तीनं परतीच्या विमानात त्यांनी कितीदा तरी कॅमेरा चालू करून पाहिला.

घरी बाबारावांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग थबकले.

"फांदीले टेकू देल्ले हायेत वं! सोनेरी. कॅलेंडरात कधी दिसले नाही."

"तेही काढसान?"

"हायेत तं काढीनच." त्यांनी पुढचे फोटो भराभर सरकवले. "अन् बुंधा? खालून कसा हाये, ते कुठं हाये?"

इंदूबाईंनी सगळे फोटो पुन्हा चाळले. बुंध्याचा एकही फोटो नव्हता. चहा तसाच ठेवून त्यांनी विहारात फोन लावला. पुढची यात्रा कधी निघते, एवढंच त्यांना विचारायचं होतं.