जगदीशकाकांची संध्याकाळची साखर

रहिमाताईंचा कशावर विश्वास बसला, असं फारसं कधी घडलं नव्हतं. दूधवाल्याच्या मापावर नाही, वाण्याच्या तराजूवर नाही आणि दवाखान्यातल्या मशिनांवर तर मुळीच नाही. मोहोपाड्याच्या एका दवाखान्यात त्या वर्षानुवर्षं नर्स होत्या. तिथल्या बीपीच्या मशिनाची नळी कुठंतरी बारीक फाटली होती आणि ते बरेच दिवस आल्यागेल्या सगळ्यांचं प्रेशर चुकीचं सांगत होतं. कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून बाई जी बिथरली ती बिथरलीच. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. रहिमाताई पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या.

निवृत्तीनंतर त्या भिवपुरीजवळच्या एका लहानशा वृद्धाश्रमात सिस्टर म्हणून लागल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिथली जुनी सामग्री एका पिशवीत भरली आणि नवी घ्यायला खोपोलीला, जुन्या ओळखीच्या अब्रारच्या वैद्यकीय सामानाच्या दुकानात गेल्या. अब्रारनं त्यांना पायरीवर पाहिलं की तो आधी पंखा वाढवायचा, कारण बाई लवकर उठणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं.

त्यांनी बीपीचा पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, फुगा दाबून हवा भरली आणि काटा आपोआप खाली सरकतो का ते डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा मोठा पट्टा झाला. आमच्या सुंदराआजीचा दंड माझ्या मनगटाएवढा आहे. यात प्रेशर कमीच दाखवणार. लहान पट्टा काढ."

"चाची, लहान पट्टा पोरांसाठी असतो."

"दंडाला वय नसतं रे. काढ."

बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा त्यांनी नाडी मोजून पडताळला. थर्मामीटर शेजारच्या हॉटेलातून गरम पाणी मागवून, दोन एकदम बुडवून पाहिले. साखर मोजायचं मशीन निवडताना तर अब्रारचा अंत पाहिला. त्यानं दाखवलेलं चकचकीत मशीन त्यांनी बाजूला सारलं, कारण त्याच्या पट्ट्या कर्जतला मिळत नव्हत्या. शेवटी एक जाडजूड, कुरूप मशीन पसंत पडलं. आकडे मोठे, पट्ट्या कुठंही मिळणाऱ्या, आणि मशीन खरं बोलतंय का ते तपासायचं औषध सोबत. आश्रमात आणल्यावर कर्जतच्या लॅबच्या रिपोर्टाशी त्यांनी आकडे ताडून पाहिले. जुळले. साऱ्या आश्रमात ही एकच वस्तू अशी झाली की जिच्यावर रहिमाताईंचा संशय उरला नाही.

मग मे महिना आला आणि जगदीशकाकांची साखर चढली.

काका भिवपुरीच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले, एकटे, मितभाषी. सकाळी त्यांचा आकडा अगदी शहाण्यासारखा असायचा. संध्याकाळी जेवणाआधी बघावं तर तीनशे, साडेतीनशे. कर्जतचे डॉक्टर फोनवर म्हणाले, संध्याकाळचं इन्सुलिन वाढवा. वाढवलं. आकडा हटेना. पुन्हा वाढवलं. काका मात्र दिवसेंदिवस गळत चालले होते. सकाळी डोळे लाल, अंगात त्राण नाही, नाव विचारलं तरी उत्तर द्यायला वेळ लागे.

रहिमाताईंच्या मते याचा अर्थ एकच होता. कोणीतरी दुपारी काकांना गोड चारतंय.

आणि त्या कोणीतरीचं नाव भागी होतं, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. भागी ठाकुरवाडीच्या वरच्या पाड्यातली. आश्रमातच राहायची, म्हाताऱ्यांचं अंग पुसायची, त्यांच्या खोलीबाहेर पडवीत झोपायची. सुट्टीला पाड्यावर गेली की येताना डोक्यावर रायवळ आंब्यांची पाटी घेऊन यायची, आणि दुपारी मागच्या अंगणात आंब्याचा रस काढून सुपावर आंबापोळीची साठं वाळत घालायची. नेमकी ती वेळ रहिमाताईंच्या नमाजाची. बाई नमाजाला बसल्या की मागून हळू आवाजात बोलणं ऐकू यायचं आणि त्या आल्या की थांबायचं. चोराच्या मनात चांदणं, असं रहिमाताई स्वतःशीच म्हणत.

त्यांनी काकांच्या उशीखाली हात घातला, खाटेखाली वाकून पाहिलं. एकदा काकांचं तोंडसुद्धा हुंगलं. काका ओशाळून भिंतीकडे वळले.

"भागी, खरं सांग. काकांना आंबा देतेस?"

"नाय ताई. आईची आन. त्यांनी आंबा तोंडाला लावला नाय."

"मग साखर आभाळातून पडते?"

भागी खाली बघत राहिली. तिनं काहीतरी लपवलंय हे रहिमाताईंना लख्ख दिसलं, आणि याबाबतीत त्यांची नजर सहसा चुकत नसे. त्या तडक आश्रम सांभाळणाऱ्या संध्याताईंकडे गेल्या. संध्याताई म्हणाल्या, "डोळ्यांनी बघून मला सांगा. खरं असेल तर भागीला त्याच दिवशी घरी पाठवते."

दुसऱ्या दिवशी रहिमाताईंनी नमाज लवकर आटोपला आणि कोठीच्या अर्धवट उघड्या खिडकीआड स्टूल टाकून बसल्या.

भागी सूप घेऊन आली. पाठोपाठ भिंत धरत काका आले आणि पाटावर बसले. भागीनं एकेक आंबा त्यांच्या हातात दिला. काका तो हळूहळू दाबून मऊ करायचे, देठ काढायचे आणि पातेल्यात पिळायचे. कोपरापर्यंत रस ओघळत होता. काका बोलत होते. बोलत कसले, हसत होते. कोय पिळून झाली की नाकाजवळ न्यायचे, डोळे मिटून वास घ्यायचे आणि टाकून द्यायचे. तोंडाकडे एकदाही हात गेला नाही. रहिमाताई पापणी न लवता बघत होत्या; एक थेंब जिभेला लागला असता तरी त्यांना हवाच होता. शेवटी काकांनी ओल्या पंच्याला हात पुसले. भागी कुजबुजली, "बाबा, चला आता. ताईनी बगितलं तर माजी नोकरी जाईल."

रहिमाताईंनी त्यानंतर काकांना नजरेआड होऊ दिलं नाही. संध्याकाळपर्यंत काकांनी बिनसाखरेचा चहा आणि पाणी यापलीकडे काही घेतलं नाही. मग बाईंनी नेहमीप्रमाणे स्पिरिटच्या बोळ्यानं बोट पुसलं, टोचलं, पट्टीला रक्त लावलं.

तीनशे चाळीस.

इन्सुलिनची सुई शेजारी भरून ठेवलेली होती. रहिमाताईंनी ती उचलली आणि तशाच थांबल्या. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं, की स्वतः निवडलेलं मशीन खोटं? त्यांनी आपलं बोट टोचून पाहिलं. मशीन नीट होतं. काका मुकाट्यानं हात पुढे धरून बसले होते आणि त्यांच्या तर्जनीच्या नखाशी एक लाल मुंगी घुटमळत होती. रहिमाताईंनी ती झटकली. ती पुन्हा आली.

त्या उठल्या, काकांना मोरीवर नेलं, साबण लावून त्यांची बोटं पेरापेरातून घासली, धुतली, कोरडी केली. मग पुन्हा टोचलं.

अठ्ठ्याऐंशी.

साखर रक्तात नव्हती, कातडीवर होती. पंच्यानं गेली नव्हती, स्पिरिटनंही गेली नव्हती. आंबा काकांच्या पोटात गेलाच नव्हता आणि त्या आंब्यावर उतारा म्हणून इन्सुलिन मात्र रोज जात होतं, वाढवून वाढवून, रहिमाताईंच्या हातानं. सकाळचे ते लाल डोळे, ते स्वतःचं नाव शोधणं कशाचं होतं हे नर्सला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशानं माणूस झोपेतच जातो. काका अजून कसे गेले नव्हते, एवढंच त्यांना कळेना.

त्यांनी सुई रिकामी केली, डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं आणि भागीला हाक मारली. भागी दारातच उभी राहिली. तिनं आपलं गाठोडं आधीच बांधून दाराशी ठेवलेलं होतं.

"भागी, पहाटे काकांना काय होतं गं?"

भागी म्हणाली, "घाम फुटतो. अंग गार पडतं. येड्यावानी बोलत्यात. आमच्या पाड्यात उपाशी माणसाला असंच व्हतं, म्हून मी गूळ कालवून पाणी पाजते. मंग उठून बसत्यात."

"रोज?"

"रोज. तुमी इचारलं तवा आंब्याचं इचारलं. गुळाचं नाय इचारलं."

"अगं, मला आपणहून सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुमी मला त्याच दिवशी काडलं असतं. मंग पहाटं पाणी कोनी पाजलं असतं?"

रहिमाताईंनी दाराशी ठेवलेलं तिचं गाठोडं उचलून आत ठेवलं. तिनं सांगितलं असतं तर त्यांनी तिला दुपारच्या आत ठाकुरवाडीला पाठवलं असतं आणि दुसऱ्या पहाटे पडवीत कोणीच नसतं.