मागच्या खोलीत कोणी राहत नाई

हे मी आजवर कोणाजवळ बोलली नाई. बहिणीजवळ नाई, शेजारणीजवळ नाई. देवापुढं हात जोडते तवाही दुसरंच काहीबाही बोलते, हे टाळूनच जाते. तुमची माही ओळख नाई, उद्या तुम्ही माह्या दारावरून गेले तरी तुमाले समजणार नाई की हीच ती बाई — म्हणून सांगून राह्यली.

वर्ध्यात राहते मी. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, लेकरूबाळ नाई. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. निराधार बायांचं सरकारी अनुदानही मिळते मले. त्याच्या फॉर्मवर मी लिहून दिलं आहे की दुसरी कोणतीच कमाई नाई. अन् घराच्या मागं टिनाची एक खोली आहे, ती मी भाड्यानं देते. कागद नाई, पावती नाई. आमच्या गल्लीत बऱ्याच जणी असंच करतात. कोणी चौकशीले आलं की 'कोणी राहत नाई' म्हणून मोकळं व्हायचं, इतकं आमाले पाठच आहे.

त्या खोलीत दिनेश, त्याची बायको वैशाली अन् आठ वर्षांची चिऊ राहाले आले. दिनेश सिंदी गावाकडचा. आफ्रिकेत एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करे, बायको-पोरगीही तिथंच. तिथं लढाई पेटली. सरकारनं विमानानं आणलं तवा तिघांत मिळून एक बॅग. गावात भावाईनं तोवर वाटण्या करून टाकल्या होत्या, याच्यासाठी ओसरीचा कोपराही ठेवला नोता. वैशाली एकदा मले म्हणे, "काकू, तिथलं घर जळताना तरी दिसलं. इथलं कधी गेलं ते समजलंच नाई."

चिऊ मोठी गोड पोरगी. पण वरातीतला फटाका वाजला की पळत यायची अन् माह्या शिलाई मशिनीखाली, पायट्यापाशी, कान दाबून बसायची. मी पाय थांबवून बसून राहायची, ती निघेपर्यंत. पाहा — मी काही दुष्ट बाई नाई, असं मी आत्ता तुमाले सांगाले निघाली होती. जाऊ द्या ते.

मंग लढाईतून परत आलेल्याईसाठी सरकारनं मदत काढली. नव्यानं घर बसवाले, धंदा सुरू कराले. दिनेशनं अर्ज केला, पत्ता माह्या घराचा दिला. मले सांगितलं होतं त्यानं, अन् मी मशीन चालवता चालवता 'हो हो' केलं होतं. बस स्टँडच्या मागं त्यानं एक गाळा पाहून ठेवला होता, मोटर वाइंडिंगचं दुकान टाकाले. मदत आली की गाळा घ्यायचा, बोर्डावर चिऊचं नाव लिहायचं, सगळं ठरलं होतं. नाईतर? नाईतर परत बाहेरदेशी जाणं, दुसरं काय होतं त्याच्या हाती?

अन् एक दिवस सरकारी ऑफिसातून साहेब आला. दुपारची वेळ, दिनेश कामाच्या शोधात गेलता, वैशाली पोरीले शाळेतून आणाले गेलती. साहेबाच्या काखेत फाइल. उंबऱ्यातूनच विचारलं त्यानं, "मागं खोली आहे ना बाई? तिथं कोणी राहते काय?"

मले वाटलं, माहं अनुदान तपासाले आला. कोणीतरी चुगली केली. मी फटकन म्हटलं, "कोणी राहत नाई. एकटीच आहे मी."

तारेवर चिऊचा फ्रॉक वाळत होता. त्यानं तिकडं पाह्यलं. मी म्हटलं, "गिऱ्हाइकाचा आहे." कोपराजवळ ठिगळ लावलेला, विटका फ्रॉक — मीच लावलं होतं ते ठिगळ. त्यानं कागदावर लिहिलं, माही सही घेतली.

इथवर चूकच होती म्हणा. भेदरलेल्या बाईची चूक. इथंच हे थांबलं असतं तर मी तुमाले कायले सांगत बसली असती?

फाटकाबाहेर जाऊन तो गाडीवर बसला अन् सहज बोलला, "मंग हे लढाईतून आलेले लोक गेले कुठं बाप्पा? फोनही लागत नाई. त्याईच्याच मदतीची चौकशी होती."

ऐकलं मी. नीट ऐकलं. अन् त्याची गाडी सुरू होईना! एक किक मारली, दुसरी मारली. उतरून गाडी तिरपी केली, पुन्हा किक. मी फाटकाले धरून उभी. भीती केव्हाच उतरली होती — मले आता समजलं होतं की तो माह्यासाठी आलाच नाई. विचार करत होती मी. खरं सांगितलं तर आताच 'एकटीच आहे' म्हणून सही केली, त्याचं काय? खोली कागदावर येईन, मंग माहं अनुदान? इतका सगळा विचार केला. "साहेब, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "पेट्रोल पाहा बरं आहे का." पेट्रोल होतं. गाडी सुरू झाली, गेला तो.

महिन्याभरानं वैशाली ऑफिसातून रडत आली. पत्त्यावर कोणी आढळलं नाई म्हणून अर्ज बाद. "काकू, कोणी आलतं काय हो इथं?"

"नाई व माय," मी म्हटलं. "घरात बसूनच लिहितात मेले." अन् सरकारले शिव्या घातल्या मी, चांगल्या तोंडभरून. तिच्या पाठीवरून हात फिरवला. चहा ठेवला.

मंग अर्ज पुन्हा घ्यासाठी ऑफिसवाल्याईनं घरमालकाचं पत्र मांगितलं, इथं राहतात म्हणून. मी आज देते, उद्या देते केलं. वैशाली भिडस्त पोरगी, दोनदा मांगितलं, तिसऱ्यांदा मांगितलं नाई. मुदत गेली.

दिनेश परत गेला. त्याच देशात. कारखान्याचा एक भाग सुरू झाला होता, अन् भीतीपोटी कोणी जात नोतं म्हणून त्याले लगेच घेतलं. जायच्या दिवशी माह्या पाया पडला. मी पाय मागं घेतले नाई.

वैशाली अन् चिऊ मागच्या खोलीतच आहेत. भाडं मी अजून घेते. अनुदानही घेते. काल दिनेशचा व्हिडिओ कॉल आलता, वैशालीनं फोन माह्या हाती दिला. त्याच्या मागं भिंतीले भोकं भोकं दिसत होती. "काकू, तुम्ही आहे म्हणून मले इकडं झोप लागते," म्हणे. मी म्हटलं, "काळजी नको करू बाबा." तेवढ्यात तिकडं काहीतरी धाडकन वाजलं. फोन हलला, बंद पडला. मंग मिनिटभरानं मेसेज आला — ठीक आहे म्हणून. पण चिऊ तोवर मशिनीखाली जाऊन बसली होती, कान दाबून.

मी पाय थांबवून बसली.

त्या साहेबानं विचारलं होतं, मागच्या खोलीत कोणी राहते काय. राहत होते साहेब. दिनेश, वैशाली अन् चिऊ, तिघं राहत होते. तो फ्रॉक तिचाच होता.