तीन दिवसांची मापं

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. वडील पैठणच्या एसटी स्टँडवर हमाली करायचे. त्यामुळं वाळूजच्या कारखान्यात मालकांनी केबिनमध्ये बोलावून आयएसओ सर्टिफिकेटचं सगळं आता तुम्ही बघायचं म्हणून सांगितलं, तेव्हा गारखेड्याच्या खोलीवर जाऊन मी ते बायकोला दोनदा ऐकवलं.

आम्ही गाड्यांना लागणारे बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, बनवायचो. सर्टिफिकेट नसेल तर मोठ्या कंपन्या ऑर्डर देणार नाहीत अशी वेळ आली होती. आणि सर्टिफिकेट म्हणजे नोंदी. कोणी केलं, कधी केलं, कशानं मोजलं, सगळं कागदावर पाहिजे. मी खपून फायली उभ्या केल्या, जिथं तिथं नंबरांची स्टिकरं लावली. मशीनवरच्या लोकांनी टिंगल म्हणून चहाच्या किटलीलाही एक नंबर चिकटवला. मी हसलो नाही. ज्यांनी पुस्तक उघडलं नाही त्यांना काय कळणार, असंच मला तेव्हा वाटायचं.

शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बजाजनगरच्या एक मावशी बसायच्या. सातवी शिकलेल्या, नऊ वर्षं ठेकेदाराकडून कामाला. सात महिने झाले की त्यांना ब्रेक द्यायचे, काही दिवसांनी परत घ्यायचे. सर्टिफिकेट आलं की तपासणीतल्या एकीला कायम करू, असं मालक बोलले होते, आणि ती एक म्हणजे मावशीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या स्वतः विषय काढत नसत. एकदाच मला विचारलं होतं, कायम झाल्यावर ब्रेक नसतो ना, म्हणून.

सर्टिफिकेटसाठी बाहेरून होणाऱ्या ऑडिटच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या नोंदी चाळताना तीन दिवसांचे रकाने कोरे दिसले. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, गेज लॅबला गेलंय. बुशाच्या आतलं भोक मोजायचं गेज आमच्याकडं एकच होतं, आणि ते अचूक आहे का हे तपासून आणायला खरंच तीन दिवस बाहेर गेलं होतं. माल मात्र सुपरवायझरच्या सांगण्यावरून न मोजताच गेला होता. मला ते कोरे रकाने खुपले. मी नवा तक्ता काढला, आधीच्या आठवड्यासारखी मापं भरली, जुना फाडून टाकला आणि मावशींना सही करायला सांगितलं.

"पण तवा गेज नव्हतं ना, सर," त्या म्हणाल्या.

"मावशी, हे कागदाचं काम आहे. तुम्हाला नाही कळायचं."

त्यांनी सही केली.

ऑडिटर पुण्याहून आले. आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी गेजचं लॅबचं सर्टिफिकेट वाचलं, तारखा बघितल्या, मग तपासणीचा तक्ता मागितला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. गेज लॅबमध्ये असताना या बाईंनी मापं कशानं घेतली, एवढंच विचारलं. एवढ्या फायली लावल्या, पण हे दोन कागद मी कधी एकत्र बघितले नव्हते.

चूक नोंदली गेली. महिन्याभरात तिचं मूळ कारण आणि त्यावरचा उपाय कळवला, तरच सर्टिफिकेट मिळणार होतं. त्याचा ठरलेला फॉर्म असतो. पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ सापडतं म्हणतात. खोटी नोंद का झाली? मोजलंच नव्हतं म्हणून. का मोजलं नाही? गेज नव्हतं म्हणून. मग मापं का लिहिली? इथं पेन थांबलं. खरं उत्तर एका ओळीचं होतं आणि त्या ओळीत मी होतो. मी लिहिलं, तपासणी करणाऱ्या कामगाराला नोंदीचं महत्त्व माहीत नव्हतं. ते का? शिक्षण कमी. पाचव्यापर्यंत पोचेस्तोवर मला स्वतःलाच ते पटायला लागलं होतं. उपायाच्या रकान्यात लिहिलं, संबंधित कामगाराला तपासणीतून हलवलं. मालकांनी न वाचता सही केली.

मावशींना पॅकिंगला पाठवलं. त्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. भांडायला नाही.

"सर, मी तर कोरंच ठेवलं व्हतं."

आणि तशाच उभ्या राहिल्या. मी कॉम्प्युटरकडं बघत सांगितलं की हे तात्पुरतं आहे, मी मालकांशी बोलतो. त्या व्हय म्हणाल्या आणि गेल्या. मी मालकांशी बोललो नाही.

सर्टिफिकेट आलं. पेढे वाटले, फोटो निघाला, त्यात मी मधोमध. कायम दुसऱ्याच बाईला केलं. पुढच्या ब्रेकनंतर ठेकेदारानं मावशींना परत बोलावलंच नाही. ऑडिटमध्ये सापडलेली बाई कशाला घ्यायची, असं तो म्हणाल्याचं कानावर आलं.

वर्षानं तेच ऑडिटर पुन्हा आले. जुन्या चुकीवरचा उपाय टिकला का, ते त्यांना बघायचं असतं. माझा फॉर्म त्यांनी पुन्हा वाचला, कारण नीट शोधलंय म्हणाले. मग विचारलं, "त्या बाई आहेत का? दोन मिनिटं बोलतो त्यांच्याशी."

"त्यांनी काम सोडलं, सर."

त्यांनी मान हलवली, फॉर्मच्या तळाशी 'बंद' असं लिहिलं आणि पुढची फाईल मागितली. मी लगेच काढून दिली. माझ्या फायली अशाच लावलेल्या असतात, मागितली की सापडते.