वेबसाइटवर रोज येणारी माणसं

"माणसं येत्यात, बघत्यात आणि जात्यात. घेत कोण न्हाय," दादा म्हणाले. "या महिन्यानंतर वेबसाइट बंद. वाकळीबी बंद. नुसत्या पिशव्या शिवायच्या."

आम्ही सुईवरची नजर वर केली नाही. दादा म्हणजे शिवाजी पेठेतल्या आमच्या शिलाई दुकानाचे मालक. आम्ही बायका जुन्या साड्यांच्या वाकळी, म्हणजे गोधड्या, हातानं शिवतो. कोल्हापुरात वाकळ विकत कोण घेणार? ती घरोघरी असते. बाहेरगावचं गिऱ्हाईक वेबसाइटवरूनच येतं. पिशव्या मशीनवर शिवतात आणि मला मशीन येत नाही. वेबसाइट बंद झाली की मी घरी.

अश्विनी मॅडम लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. वेबसाइटचं काम त्याच बघतात. त्यांनी नुकतंच त्यावर एक टूल बसवलं होतं. माणसं कुठल्या गावातून येतात, कुठलं पान बघतात, कुठून परत फिरतात, ते त्यात दिसतं. नाव, चेहरा दिसत नाही. आलेल्यांपैकी किती जणांनी ऑर्डर दिली, त्याला कन्व्हर्जन म्हणतात. आमचं फारच कमी होतं.

"किंमत उतरवून बघूया?" मॅडमनी विचारलं.

"अजून उतरवून काय फुकट वाटू व्हय?"

मॅडम स्क्रीनकडे बघत राहिल्या. "दादा, हे विचित्र आहे. बहुतेक माणसं कोल्हापूरकडचीच आहेत. वाकळींचं पान उघडतच नाहीत. सरळ 'आमच्या कारागीर' या पानावर जातात. काही तर रोज येतात."

शेजारी शिवत बसलेल्या बेबीताईनं मला कोपरानं ढोसलं. "सांग की."

"तू सांग."

"तुझा फोटो मोठा हाय, तू सांग."

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. दादांसमोर तर नाहीच. मी सुई साडीत खोचून ठेवली.

"मॅडम, ते आम्हीच हाय. त्या पानावर आमचं फोटो हाईत. मी रोज बघते. माझी लेक गगनबावड्यास्नं बघती. तिची सासू शेजारणीस्नी दावती."

"आणि बेबे, तू?" दादांनी विचारलं.

"माझं आख्खं माहेर बघतंय, दादा."

"म्हणजे मी तुमच्या सासरामाहेराला गिऱ्हाईक समजून बसलोय व्हय?"

मॅडमना हसू आलं, पण त्या मला हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मालनताई, बरं झालं सांगितलंत. चूक माझी आहे. घरचे फोन मी आधीच मोजणीतून वगळायला हवे होते."

त्यांनी एक लिंक बनवली. ज्या फोनवर ती एकदा उघडली, तो फोन पुढं मोजणीत येत नाही. आम्ही ती सगळ्यांना पाठवली. "फोटो खुशाल बघत जा," त्या म्हणाल्या. दादांना थोडं थांबायला सांगितलं.

येणाऱ्यांचा आकडा एकदम खाली आला तेव्हा दादांचा चेहरा पडला. पण त्या थोड्यांतले बरेच जण ऑर्डर देत होते. उरलेले एकाच ठिकाणी परत फिरत होते. तिथं लिहिलं होतं, 'तुमच्या साड्या कुरिअरनं पाठवा.' ज्यांच्याकडे साड्या नाहीत त्यांनी काय करायचं? मॅडमनी तिथं 'साड्या दुकानाच्या घ्या' असं बटण घातलं. ऑर्डरी वाढल्या. दादांनी वाकळी चालू ठेवल्या.

दादांसमोर चूक स्वतःवर घेणारं शिकलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. नाहीतर मी पुन्हा तोंड उघडलं नसतं. मॅडमचे हे उपकार मी विसरणार नाही.

पंगतीला पावणे किती आले हे सांगायचं असेल, तर घरची पानं आधी बाजूला मोजावीत.