टॉकीज पाडणारा अर्ज

माझं अक्षर चांगलं आहे आणि भाषा त्याहून चांगली आहे, असं लोक मला आयुष्यभर सांगत आले. कुणाला बदली हवी असो, कुणाला गल्लीत दिव्याचा खांब हवा असो, कोरा कागद माझ्याकडंच यायचा. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला खूश व्हायला एवढं पुरतं. मीही हुरळून जायचो. त्या हुरळण्यापायीच आमच्या गावची टॉकीज गेली, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव तालुक्याचं. टॉकीज म्हणजे मुळात निजामाच्या काळातलं शेंगांचं गोदाम, हातभर जाडीच्या दगडी भिंती आणि वर पत्रे. माझ्या मित्राच्या आजोबांनी ते घेतलं, एका टोकाला चौथरा बांधला आणि फिरत्या नाटक कंपन्यांना द्यायला सुरुवात केली. पुढं त्याच्या वडिलांनी चौथऱ्यावर पांढरा पडदा ताणला आणि टॉकीज झाली. बायकांची जागा डावीकडं, मध्ये कापडी आडपडदा. दिवे गेले की तो सरकवायचा आणि मध्यंतराला पुन्हा ओढायचा. या कामाला एक म्हातारी नेमलेली होती. तिच्या हातून पडदा अडकला की अर्धं गाव तिला सूचना करायचं.

घरोघरी टीव्ही आले आणि टॉकीज ओस पडली. मग तिथं लग्नं लागली, निवडणुकीच्या सभा झाल्या, कपड्यांचे सेल लागले, एका पावसाळ्यात तर खताची पोती रचलेली होती. पण रविवारची दुपार आमची असायची. आम्ही म्हणजे हौशी नाट्यमंडळ, भूमपासून उमरग्यापर्यंत जिथं स्टेज मिळेल तिथं प्रयोग करणारी आठ-दहा माणसं. मित्र आमच्याकडून भाडं घेत नसे. तोही आमच्यातलाच, खलनायक म्हणून गाजलेला. शाळेपासून आम्ही एका डब्यात जेवलेलो.

मंडळात बायका यायच्या आणि जायच्या. टिकल्या त्या एकच. जळकोटला दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. वस्तीतल्या जयंतीच्या नाटकांतून त्या तयार झालेल्या. सुट्टी असली की एसटीनं यायच्या, सगळं पाठ करून यायच्या, आणि मी अडलो तर माझंही वाक्य सांगायच्या. आठवडाभर सगळे मला कामं सांगतात, इथं मात्र सगळे गप्प बसून माझं ऐकतात, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. टॉकीज राहावी असं आम्हाला नुसतं वाटायचं, त्यांना ती हवीच होती.

दोन वर्षांपूर्वी मित्र माझ्या घरी आला. जुन्या थिएटरांच्या दुरुस्तीसाठी अनुदानाची योजना निघाली आहे म्हणाला. कलाकारांनी अर्ज केला तर आपल्या टॉकीजचं पक्कं नाट्यगृह होईल, फक्त इमारतीची अवस्था वाईट आहे हे वाचणाऱ्याच्या अंगावर आलं पाहिजे. असं लिहिणारं गावात दुसरं कोण आहे, असंही तो म्हणाला, आणि मी लगेच चष्मा शोधायला उठलो.

खरं तर दोन पत्रे गळत होते आणि एका कोपऱ्यातला गिलावा सुटला होता, एवढंच. पण मी लिहिलं की छत केव्हा कोसळेल याचा नेम नाही आणि इथं पाऊल ठेवणारा प्रत्येक नागरिक जीव मुठीत धरून बसतो. आमचा नेपथ्यवालाही चेकाळला. नवा कोरा पडदा पडक्या भिंतीसारखा रंगवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. भिंतीवर एक बारीक चीर होती, तिच्यात त्यानं काजळी भरली, कडेनं राखाडी रंग मारला आणि ती पार छतापर्यंत नेली. फोटो असा आला की बघूनच मागं सरकावं. आम्ही सगळे हसलो. मंडळाचं कुठलंच नेपथ्य एवढं जमलं नव्हतं.

सह्या घेताना एकट्या सिस्टर थांबल्या. एवढं धोक्याचं आहे तर आपण दर रविवारी इथं कसं बसतो, असं त्यांनी विचारलं. अर्जाची भाषा अशीच असते, मी सांगतो ना, असं मी म्हणालो. त्यांनी सही केली.

चार महिन्यांनी टॉकीजच्या फाटकावर नगरपालिकेची नोटीस लागली. इमारत धोकादायक असल्यानं रिकामी करून पाडावी. कारणांत माझीच वाक्यं होती, स्वल्पविरामांसकट. शेजारी दर्शनी गाळ्यातला शिंपी उभा होता. आमचे सगळे पोशाख त्यानं शिवलेले. तो धरून टॉकीजच्या दर्शनी भागातले तिघं जुने भाडेकरू गाळे सोडायला तयार नव्हते आणि मित्र कधीपासून त्यांच्या मागं लागला होता, हे गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. शिंप्यानं नोटीस हळू आवाजात वाचली, जीव मुठीत धरून या शब्दांवर थांबला आणि माझ्याकडं बघितलं. आठवड्यात तिघांनाही निघावं लागलं.

मी तडक मित्राकडं गेलो. त्यानं चहा मागवला. योजनेचं काय झालं, मी विचारलं.

"बारगळली की," तो म्हणाला. "आणि म्या काय खोटं केलं? इमारत पडंल असं तूच लिवलंस. म्या निस्ता कागद पुढं दिला."

योजना कधी नव्हतीच, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. टॉकीजच्या जागी होणाऱ्या नव्या कॉम्प्लेक्सच्या तळघरात मंडळाला एक खोली देईन, असं वर त्यानं मला समजावलं, आणि तेही मायेनं. चाळीस वर्षं मी या माणसाला खलनायकाची कामं दिली आणि तो अभिनय करतोय अशा समजुतीत राहिलो. चहा तसाच ठेवून मी उठलो. राग नंतर आला. रस्त्यानं येताना मला फक्त लाज वाटत होती.

टॉकीज पाडायला तीन दिवस लागले. केव्हाही कोसळेल असं मी ज्या भिंतींबद्दल लिहिलं होतं, त्या जेसीबीला दाद देत नव्हत्या.

सिस्टर माझा फोन उचलेनात. शेवटी मी जळकोटला गेलो आणि दवाखान्याच्या बाकावर पेशंटांमध्ये बसून राहिलो. गर्दी ओसरल्यावर त्या बाहेर आल्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, योजनेची थाप, भाडेकरू, मित्राचं बोलणं, सगळं.

"लोक म्हणत्यात, सरांना तिथं गाळा मिळणार हाय," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो की मला गाळा नको आणि यातलं काहीही माहीत नव्हतं. बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. इतकं खरं मी त्याआधी बायकोच्या आजारपणातच रडलो असेन.

"सर, तुमी स्टेजवरबी असंच रडता," त्या म्हणाल्या. "मी शेजारी उभी असायची. मला तवाबी खरंच वाटायचं. आता कळंना झालंय."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि त्या गेल्या. मी डोळे पुसायला हात उचलला, आणि तो हात मी प्रयोगात उचलायचो तसाच वर आला, हे माझ्याही लक्षात आलं.